पाणी मुरेपर्यंत

भाड्याच्या घरात कोणी समुद्र आणतं का? बायकोने हाच प्रश्न विचारला होता. कांजूरमार्गची आमची चाळ पाडली, तिथे टॉवर होणार आहे. तो होईपर्यंत आम्ही मुलुंडला, अकराव्या मजल्यावर. चाळीत रात्री अंथरुणं पडली की पाय ठेवायला जागा नसायची, त्यामुळे समुद्री माशांच्या टाक्या मी फक्त मोबाइलवर बघायचो. इथला हॉल बघितला आणि डोकंच फिरलं. म्हटलं, आता नाही तर कधी?

टाकी दाराजवळच्या भिंतीला लावली. फिल्टरच्या पाण्यात खास मीठ कालवलं, तळाला पांढरी वाळू घातली, त्यावर भोकाभोकांचे दगड रचले. पाण्यात लाटा काढणारा छोटा पंखा बसवला, वर निळा दिवा. आणि मग? मग काहीच नाही! दुकानदाराने बजावलं होतं, लगेच मासे सोडायचे नाहीत. दगडांत जिवाणू धरले पाहिजेत, पाणी मुरलं पाहिजे. मला कुठला दम निघतोय? रिक्षा सिग्नलला अडकली तरी मी उतरून चालायला लागतो. उठसूट टाकीत डोकावायचो.

"दुकानदाराने गंडवलंय तुला," बायको म्हणाली. "कुठेतरी पाणी मुरतंय."

"मुरायलाच पाहिजे ना!" मी खेकसलो.

माझे वडील हे सगळं खुर्चीतून बघत होते. ऐंशी उलटलेली, उभा जन्म गिरणीत गेला, पण बोलणं अजून अस्सल मालवणी. "झिला," ते म्हणाले, "दगडांका मीठ-पाणी कित्याक? आमटी करतंस?"

दगड आणि पाणी. टाकीत खरंच तेवढंच होतं.

बाबा स्वतः तरी कुठे मुरत होते म्हणा! चाळीत ते गॅलरीत बसायचे. येणारा-जाणारा प्रत्येक जण दोन शब्द टाकून जायचा. इथे दार लावलं की जग संपलं. ते खुर्ची घेऊन घरभर फिरायचे. बाल्कनीत वारा लागतो, स्वयंपाकघरात सुनेच्या पायात येते, बेडरूममध्ये जीव गुदमरतो. शेवटी मुख्य दार सताड उघडून उंबऱ्यावरच बसायचे. खुर्चीचे दोन पाय घरात, दोन बाहेर. मी ऑफिसमधून आलो की लिफ्ट उघडताच आधी त्यांच्या चपला दिसायच्या.

"बाबा, आत बसा ना. बरं दिसतं का हे?"

"दिसांदे."

मी खुर्ची आत ओढायचो, ते पुन्हा बाहेर न्यायचे. एक दिवस ते शांतपणे म्हणाले, "माका हय करमणा नाय. चवथीक गावाक जातंय. मगे परत येवचंय नाय."

गावचं घर कधीपासून बंद आहे, मागची भिंत खचलीय, आसपास कोणी नाही. आणि हा माणूस इथल्या बाथरूममध्ये दोनदा घसरलाय. "तिकडे पडलात तर तोंडात पाणी कोण घालणार?" मी ओरडलो. घाबरलो होतो, म्हणून ओरडलो. बाबांनी खुर्ची पुन्हा उंबऱ्यावर ओढली, म्हणजे त्यांचं ठरलं होतं.

त्यातच मी घाई केली. पाणी जेमतेम तयार झालं होतं. केशरी-पांढऱ्या क्लाउनफिश माशांची जोडी सोडली तोवर ठीक होतं, पण लगेच त्यांना घर म्हणून अ‍ॅनिमोनही आणला. दिसतो फुलासारखा, पण तो प्राणी आहे, आणि जागा पटली नाही तर चक्क चालत सुटतो. चालत चालत त्या पंख्यात अडकला तर त्याच्या चिंधड्या होतात आणि अख्ख्या टाकीची वाट लागते. मी पंख्याला स्पंज गुंडाळला. रोज सकाळी उठून दोघांना शोधायचो: हा टाकीत कुठे सरकला आणि बाबा घरात कुठे सरकले. अ‍ॅनिमोनला हलकेच सोडवून पुन्हा समोर, दिव्याखाली ठेवायचो. दुसऱ्या दिवशी तो तिथून गायब.

दुकानदार फोनवर वैतागला. "अहो, हात लावू नका ना यार! तुम्ही हलवताय म्हणून तो फिरतोय."

आणि एका रविवारी तो दिसेचना. समोर नाही, दगडांमागे नाही. मी कोपरापर्यंत हात घालून एकेक दगड चाचपत होतो.

"झिला, हय ये," दारातून बाबांची हाक आली.

टाकीची अरुंद बाजू दाराकडे होती. तिथे, काचेच्या कोपऱ्यात, अ‍ॅनिमोन पूर्ण फुलून बसला होता आणि दोन्ही मासे त्यात लोळत होते. सोफ्यावरून तो कोपरा दिसतच नाही. दिसतो फक्त बाबांच्या खुर्चीतून.

"तेका थंय बरा वाटता," बाबा म्हणाले. "आता हलव नको."

तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं. सोसायटीचे सेक्रेटरी. "काकांची खुर्ची आत घ्या हो. कितीदा सांगायचं? कॉरिडॉरमध्ये बरं दिसत नाही."

माझेच शब्द. माझ्या हातावरून खारं पाणी लादीवर ठिबकत होतं. "खुर्ची हलणार नाही," मी म्हणालो.

"अहो, पण नियम..."

"दोन पाय आमच्या घरात आहेत. उरलेल्या दोन पायांसाठी मीटिंग बोलवा!"

ते पुटपुटत निघून गेले. बाबा काचेकडेच बघत होते. मग त्यांनी विचारलं, "टावर झालो की ह्येका परत हलवूक लागतला?"

"लागेल. पण वेळ आहे अजून." टॉवरचा पायासुद्धा खणून झालेला नाही, हे मी सांगितलं नाही.

"मगे तवसर मी हयच आसंय," बाबा म्हणाले.