ईशान्येचा झिरो

बेलवलीच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत वॉशिंग मशीनशेजारी माझं दुसरं मशीन असतं. कॉम्प्युटरवर अक्षरं काढून दिली की ते फिरत्या टोकाने तीच अक्षरं लाकडात कोरतं. दिवाळीच्या बोनसमध्ये सोनं घ्यायचं सोडून मी हे घेतलं, म्हणून घरात सगळे त्याला ‘हिचा नवरा’ म्हणत. मग दारावर पाटी लावायची वेळ आली आणि जावयाचा मान एकदम वाढला.

चामटोलीच्या आमच्या जुन्या घरावर बाबांच्या एकट्याच्या नावाची पाटी होती. नव्या दारावर आईला स्वतःचंही नाव हवं होतं. ती सहसा काही मागत नाही. या वेळी तिने मागितलं आणि लाकूडही स्वतःच पुढे केलं, लग्नात वांगणीच्या माहेराहून आलेला फणसाचा पाट.

बाबा म्हणाले, “माझ्या नावाखाली नुसतं ‘सौ.’ टाक. लोकांना समजतं.”

“कुणाची सौ.? बिल्डिंगमध्ये सगळ्याच सौ. आहेत,” आई म्हणाली.

शेवटी तिचं पूर्ण नाव ठरलं, पण खालच्या ओळीत. मी पाट उल्हासनगरला नेऊन रंधा मारून आणला. तिथला दुकानदार म्हणाला, “मॅडम, ये छोडो, नया सागवान ले जाओ.” मला त्याचा राग आला. पाट एकुलता एक होता आणि तो माझ्या हातून बिघडला असता तर आईने पुन्हा नावाचा विषय काढला नसता, हे मला पक्कं माहीत होतं.

मशीन आंधळं असतं. फळी क्लॅम्पने आवळायची, तिच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यावर टोक आणायचं आणि त्याला सांगायचं, इथे झिरो. पुढचं सगळं ते तिथून मोजतं. मध्ये फळी केसभर सरकली तरी सगळं मुसळ केरात. म्हणून आठवडाभर रद्दी फळ्यांवर सराव करताना मी एकच ओरडत होते, “हात लावू नका, फळी हलली की झिरो गेला.”

नव्या घराच्या वास्तुपूजेच्या आदल्या दिवशी पाट मशीनवर लावायला घेतला तेव्हा बाबांनी विचारलं, “सुरुवात कुठून करणार?”

मी कोपरा दाखवला. त्यांनी मोबाईलमधलं होकायंत्र काढून मोबाईल त्या कोपऱ्यावर, मोटरला टेकवून ठेवला. “ही तर नैऋत्य. शुभकार्य ईशान्येपासून करतात.”

पाट बाजूला ठेवून आम्ही तिघांनी मशीन उचलून उलटं फिरवलं. बाबांनी पुन्हा मोबाईल ठेवला. नैऋत्य. आडवं केलं, तरी नैऋत्य. बाबांचा चेहरा पडला. “फ्लॅटमध्येच दोष आहे. बिल्डरने फसवलं आपल्याला.”

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मोटरमध्ये लोहचुंबक असतं. मोबाईलची सुई त्यालाच चिकटली होती, त्यामुळे मशीन फिरवावं तिकडे नैऋत्य आमच्या मागोमाग येत होती. मी हे समजावून सांगितलं. बाबांनी मशीनवरून हळूच हात फिरवला.

“म्हणजे हे दिशा बदलतं?” त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच आदर होता.

“सूर्य त्या समोरच्या पाण्याच्या टाकीमागून उगवतो,” आई म्हणाली. “मी रोज इथे कपडे वाळत घालते. मला विचारायचं होतं.”

टाकी पाहून मशीन लावलं. झिरो ईशान्येला आला आणि माझी जागा मशीन आणि ग्रिलच्या मधल्या फटीत गेली. मशीनच्या टेबलाखालून रांगत मी तिथे पोहोचले, तोवर आईने झिरोच्या कोपऱ्यात हळदकुंकू वाहून अक्षता टाकल्या होत्या. चिडून मी दिसतील तेवढे तांदूळ पुसले, पाट ठेवला, क्लॅम्प आवळले. कोपऱ्यावर टोकाखाली कागद सरकवत टोक खाली आणलं आणि कागद अडकला तिथे उंचीचा झिरो दिला. मशीन सुरू झालं. आई दारात हात जोडून उभी होती.

पाटाचा पुढचा डावा कोपरा अक्षतेच्या एका दाण्यावर उभा आहे, हे मला भुसा झाडल्यावर कळलं. झिरो त्या उचललेल्या कोपऱ्यावर दिलेला, म्हणून जवळची खालची ओळ छान खोल उतरली होती. आईचं नाव बोटाने वाचता येत होतं. वरच्या ओळीत बाबांचं नाव ओरखड्यासारखं सुरू होऊन आडनावापर्यंत विरून गेलं होतं.

बाबांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. “मी कुठे आहे?”

“वरच आहात,” आई म्हणाली. “जरा जवळ जाऊन बघा.”

मी त्यांना धीर दिला. पाट जागचा हललेला नाही, झिरो शाबूत आहे. टोक थोडं आणखी खाली घेऊन फक्त वरची ओळ पुन्हा फिरवते.

मी लॅपटॉपकडे वळले. आईने पदर खोचला, दोन्ही क्लॅम्प सैल केले आणि पाट उचलून छातीशी धरला. “देवापुढे ठेवून येते.” दारात थांबून तिने मला विचारलं, “आता हलला ना गं? मग झिरो गेला?”

कोपरा पुन्हा गाठून झिरो परत देता आला असता. आठवडाभर मी तेवढंच तर शिकत होते.

“गेला,” मी म्हटलं.