संध्याकाळी सहाची नोंद

माझं गर्भाशय काढायचं ठरलं तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो ड्यूटीच्या तक्त्याचा. आपल्या जागी कोणाला टाकायचं? बावन्न वर्षांच्या बाईला अशा वेळी दुसरं काही सुचू नये हे काही बरं लक्षण नाही. पण मी नवीन पनवेलच्या एका खाजगी हॉस्पिटलात बायकांच्या सर्जिकल वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे, आणि गेली काही वर्षं माझं निम्मं डोकं त्या तक्त्यातच अडकलेलं असतं. तीस खाटा. कागदावर दुपारच्या पाळीला तीन नर्सेस. प्रत्यक्षात दोन मिळाल्या तरी मी खूश असते, आणि त्यातली एक कॅज्युअल्टीतून फोन आला की खाली पळते.

बाकीच्या गेल्या कुठे? एक दुबईला, दोघी जर्मनीला, एक आयर्लंडला. एक खारघरच्या शाळेत लागली. तिथे मुलांचे गुडघे खरचटतात आणि रविवारी सुट्टी असते. एकीने लग्नानंतर हे कामच सोडलं. मी कोणालाही नावं ठेवत नाही, माझा पासपोर्ट असता तर मीही गेले असते. जगभर नर्सेस कमी पडताहेत असं पेपरात येतं, आणि ती उणीव भरून काढायला जग आमच्या दारात येतं. आमची उणीव कोणी भरायची ते मात्र पेपरात येत नाही. नर्स दिनाला आम्हाला प्रत्येकी एक गुलाब मिळतो आणि वरचे साहेब भाषणात आम्हाला सेवेच्या मूर्ती म्हणतात. मूर्तीला जेवायची सुट्टी द्यावी लागत नाही, तेव्हा त्यांना ते सोयीचंच आहे.

ऑपरेशन आमच्याच हॉस्पिटलात झालं. स्वतंत्र खोली रिकामी नव्हती, म्हणून मला माझ्याच वॉर्डात खिडकीजवळची खाट मिळाली. शेजारी चिरनेरकडची एक आगरी बाई होती, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेली, माझ्याच वयाची. ती दुसऱ्या दिवसापासून वॉर्डभर फिरायला लागली आणि तिसऱ्या दिवशी तिला प्रत्येकीचा आजार, जावई आणि गाव तोंडपाठ होतं.

आता त्या मुलीबद्दल सांगते. माझ्या हाताखालच्या नर्सेसमध्ये ती सगळ्यात चांगली. वय सव्वीस, खांदा कॉलनीत आणखी दोघींबरोबर खोली घेऊन राहायची. ज्या म्हातारीची शीर कोणालाच सापडत नाही तिचं सलाईन लावायला हिलाच बोलवायचं. तीही जर्मनीला निघाली होती. दीड वर्ष ड्यूटी सांभाळून भाषा शिकली, परीक्षा पास झाली, सगळे कागद जमवले. एकच राहिला होता, आमच्या हॉस्पिटलचं अनुभवाचं पत्र. त्या पत्रात वर्तणुकीचा एक रकाना असतो. तिथे जरा वाकडा शेरा पडला की तिकडचे लोक कागद परत पाठवतात, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. तिचे वडील वीटभट्टीवर काम करून थकलेले होते, धाकटी दोन भावंडं शिकत होती. त्या घराच्या सगळ्या आशा त्या एका पत्रावर येऊन थांबल्या होत्या, आणि हे मला माहीत होतं.

ऑपरेशनचा तिसरा दिवस. दुपारपाळीला ती आणि दुसरी एक नर्स. साडेचारच्या सुमारास न्हावा शेव्याच्या रस्त्यावर कंटेनरने रिक्षा उडवली आणि दुसरीला खाली बोलावून घेतलं. वॉर्डात ही एकटी. सकाळी ऑपरेशन झालेल्या एका बाईच्या पट्टीतून रक्त येऊ लागलं होतं, कोपऱ्यातल्या खाटेवर उलट्या चालू होत्या, आणि एका पेशंटचा नवरा, आमचं सलाईन संपलंय, तुम्हाला दिसत नाही का, म्हणून तिच्या मागे मागे फिरत होता. मी पडल्या पडल्या बघत होते. उठून त्याला गप्प करावं असं फार वाटत होतं, पण पोटावर टाके होते.

साडेपाचला मला हुडहुडी भरली. टाक्यांच्या जागी ठसठसत होतं. काय होतंय ते मला लगेच कळलं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या जखमांवर नजर ठेवली, स्वतःची कळणार नाही असं कसं होईल? उशाशी बेल होती. मी ती दाबली नाही.

शेजारची बाई मला न्याहाळत होती. म्हणाली, "बाय, तुमी कापताव. बेल का नाय दाबत?"

"ती एकटी आहे हो. तिचं हातातलं होऊ दे."

"तुमचा आंग तापलाय."

"होईल कमी." मी पर्समधली तापाची गोळी काढली आणि घोटभर पाण्याबरोबर गिळली.

मग मी जे केलं ते नर्सशिवाय कोणी करणार नाही. प्रत्येक खाटेच्या पायाशी एक चार्ट अडकवलेला असतो. ताप, नाडी, श्वास, आणि शेवटी नोंद करणारीची आद्याक्षरं. सहा वाजता तीस खाटांच्या नोंदी व्हायला हव्यात. ती मुलगी त्या करत एका टोकाकडून माझ्याकडे येत होती, मधेच रक्तवालीकडे धावत होती, पुन्हा येत होती. मला वाटलं, तिची एक खाट तरी कमी करावी. शेजारणीला म्हटलं, तो चार्ट जरा द्या इकडे. तिने दिला. मी सहाच्या रकान्यात लिहिलं, ताप अठ्ठ्याण्णव पॉइंट चार, नाडी ऐंशी, श्वास अठरा. मोजलं काहीच नव्हतं. हात इतका सरावलेला की आकडे आपोआप उतरले. शेवटचा रकाना रिकामा ठेवणं मला जमेना. पेशंटने स्वतःची सही करायची म्हणजे हसंच, म्हणून मी तिची आद्याक्षरं टाकली. गडबडीच्या पाळीत एकमेकींच्या सह्या उरकणं आमच्याकडे चालतं. न मोजता आकडे भरले म्हणून याच वॉर्डात मी दोघींना मेमो मिळवून दिला होता. त्या वेळी मात्र मला तसलं काही आठवलं नाही, उलट एक काम उरकल्याचं बरं वाटलं.

रात्रपाळीच्या नर्सकडे दोन वॉर्ड होते. तिने चार्ट पाहिला, सगळं ठीक, बाई झोपलेली, म्हणून उठवलं नाही. गोळीने ताप दबला होता, तो पहाटे उसळला. सकाळच्या फेरीला डॉक्टर आले तेव्हा मी बडबडत होते म्हणे. ताप एकशे तीनच्या वर. त्यांनी टाके उघडले, पू काढला, औषधं बदलली, आणि चार्ट हातात घेऊन विचारलं, काल संध्याकाळी सहाला हिला अठ्ठ्याण्णव ताप होता असं लिहिणारी कोण?

पुढचे दोन दिवस मला धड आठवत नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी मी ताटलीतली पेज खात होते तेव्हा शेजारीण माझ्या खाटेवर येऊन बसली. तिला घरी सोडायचं होतं, पिशवी भरून तयार होती.

"तुमाला सांगू का नको म्हनून इचार करते," ती म्हणाली. "त्या पोरीला वर बोलावलाय. कागदावर खोटा लिवला म्हनं तिनं. आन् मी तर बघलाय, लिवला तुमी."

मी चमचा खाली ठेवला. "तुम्ही कोणाला बोललात?"

"नाय. माजा काय काम हाय? तुमचा तुमी बोला."

मला लाज वाटली. एवढी वाटली की पेज पुढे सरकेना. आणि लाजेच्या मागोमाग दुसरंही काही मनात आलं, तेही सांगून टाकते. मनात आलं, हिचं पत्र अडकलं तर ही जात नाही. निदान सहा महिने नाही. मी बरी होऊन येईन तेव्हा दुपारपाळीला हीच असेल. हा विचार मी मुद्दाम केला नव्हता, पण आला, आणि आल्यावर मी त्याला लगेच हाकललंही नाही.

मेट्रन संध्याकाळी बघायला आली. ती आणि मी एकाच बॅचच्या, एका खोलीत राहून शिकलेल्या. मी तिला सगळं सांगितलं. तिने खुर्ची ओढली, चष्मा काढून पदराने पुसला.

"अक्षर तुझं आहे हे मी पहिल्या दिवशीच ओळखलं," ती म्हणाली.

"मग तिला का बोलावलंस?"

"डॉक्टर ओरडत होते. कोणाला तरी बोलावून मेमो देणं भाग होतं. आणि ती म्हणाली, सही माझीच आहे. मी काय करू?"

"तू तिचा मेमो फाड."

तिने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग हळू आवाजात म्हणाली, "हे बघ, शेरा फार मोठा नाही मारणार मी. पण पत्र जरा लांबेल. तोवर तुझा वॉर्ड तरी चालेल. पुढच्या महिन्यात तक्ता कसा लावणार आहेस, सांग मला."

ती दुष्ट नाही. माझ्या मनात दुपारी आलं होतं तेच तिने बोलून दाखवलं, एवढंच. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर मला ते इतकं घाण वाटलं की मी चिडले. म्हटलं, कागद दे. ती म्हणाली, बरी हो, मग लिही. मी म्हटलं, आत्ता. तिने पर्समधून डायरीचं पान फाडून दिलं. त्यावर मी लिहून दिलं की सहाची नोंद मी स्वतः, न मोजता, ड्यूटीवरच्या नर्सला न कळवता केली आणि तिची सहीही मीच केली. खाली पूर्ण नाव, पद, तारीख.

"तुलाच मेमो द्यावा लागेल आता," मेट्रन म्हणाली.

"दे. पण पेशंटला मेमो देतात का, ते आधी नियमात बघ."

ती हसली. आम्ही दोघी हसलो, माझे टाके दुखेपर्यंत. हसून झाल्यावर तिने ते पान घडी करून पर्समध्ये ठेवलं. मेमो मला पुढे मिळाला, इन्चार्ज म्हणून, कामावर परतले त्याच आठवड्यात. त्या मुलीला तिचं पत्र मिळालं, त्या रकान्यात 'उत्तम' असं लिहिलेलं.

मला घरी सोडायच्या आदल्या दिवशी ड्रेसिंग करायला तीच आली. हात नेहमीसारखाच हलका. मी तिची माफी मागितली. माझ्या हाताखालच्या मुलीची माफी मी पहिल्यांदाच मागत होते आणि मला ते नीट जमलंही नाही.

"असू दे मॅडम," ती कापूस बदलत म्हणाली.

"माझंच अक्षर आहे हे तुला कळलं होतं ना? मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही तापात होतात. तुमचं नाव कसं घेणार?"

"मला वाटलं, तुझं एक काम कमी होईल."

ती हात थांबवून माझ्याकडे बघायला लागली. रागावली नव्हती. दुपारपाळीच्या शेवटी आमचे सगळ्यांचे चेहरे होतात तसाच तिचा झाला होता.

"मॅडम, मी त्या दिवशी सहाला तुमच्याकडे आले होते," ती म्हणाली. "तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडला होतात. कपाळाला हात लावणार, एवढ्यात चार्ट भरलेला दिसला. माझीच सही, अक्षराकडे नीट पाहिलं नाही. मला वाटलं, घाईत मीच बघून गेले असेन." तिने चिकटपट्टीचं टोक दाताने तोडलं आणि पट्टीवर दाबून बसवलं. "म्हणून पुढच्या खाटेवर गेले. म्हटलं, चला, एक पेशंट तरी बरी आहे."