हिरवा-पांढरा दिवा फिरला

केनवडात माहं मोटरी बांधायचं दुकान. विहिरीवरच्या जळक्या मोटरी उसकटायच्या, नवी तार भरायची, जन्मभर हेच केलं. पोरगी मात्र विमानतळावरचे दिवे सांभाळते. तिथं उंच खांबावर एक दिवा गोल फिरते, एका बाजूनं हिरवा, एका बाजूनं पांढरा. अंधारात पायलटले त्याच्यावरून समजते, उतरायचं कुठं.

त्या दिव्याची लहानशी मोटर जळाली. नवी यायले महिना, अन् दोन दिवसांनी शिकाऊ पायलटांचं रात्रीचं पहिलं उड्डाण. दिवा नाई तं उड्डाण रद्द. पोरीनं साहेबांले शब्द देला, "माझ्या ओळखीचे मिस्त्री आहेत." ओळखीचे! बाप म्हणायले लाज वाटली काय हिले? लय लागलं मले. तरी मोटर बांधली अन् उड्डाणाच्या दिवशी सकाळी बसवून देली.

दिवा फिरला. मी मिशीवर ताव देतच होतो, तं जळका वास आला. मग धूर! साहेब पोरीवर कडाडले, "कुठला विहिरीवरचा मिस्त्री पकडून आणलास?"

"माझे बाबा आहेत ते," पोरगी म्हणाली. "संध्याकाळपर्यंत वेळ द्या. दिवा फिरला नाही तर मला घरी पाठवा."

अन् माह्या डोस्क्यात उजेड पडला. आमच्या गावात लाइन कधी पुऱ्या दाबानं येतच नाई, म्हणून मी दर मोटरीत वेढे कमीच भरतो. कमी लाइनीतबी पंप पाणी उचलते. हात सवयीनं चालला. इथं तं लाइन पुरी! मोटर जळन नाई तं काय होईन?

मोटरीतून पहिले काढलेल्या मूळ तारेचं वेटोळं पिशवीतच होतं. त्याचे वेढे मोजले, तितकेच नवे भरले. पोरगी बाजूले तार धरून बसली.

"बाबा, घरच्याले काम देलं म्हणतीन, म्हणून लपवलं होतं."

"मंग आता काहून सांगतलं?"

"साहेब तुमाले बोलले म्हणून."

मी तारेवर वार्निश फासलं. मोटर गच्चीवरच्या उन्हात वाळवली.

दिवस बुडाला. दिवा फिरायले लागला. अर्ध्या तासानं खांबावर चढून मोटरीले हात लावला, एकदम थंडगार! विमान उडालं, दूर गेलं, दिसेनासं झालं. माहा जीव टांगणीले. मग पोरीच्या वॉकीटॉकीवर आवाज आला, "दिवा दिसला. उतरतोय."

विमान टेकलं तसे साहेब हात मिळवायले आले. "कमाल केली, मिस्त्री!"

"मिस्त्री तं मी हावोच, साहेब," मी छाती काढून म्हणलं, "पण पहिले हिचा बाप हावो."