आवसेला येणारा मुलगा

ती घटना मला आजही आठवते, आणि आठवते ती भर दुपारी. गुन्ह्यांच्या आठवणी रात्री छळतात असं लोक समजतात. माझ्या बाबतीत तसं नाही. अमावास्येच्या दुपारी बाराच्या सुमाराला घरात शांतता झाली की मी उठून बाहेर जातो. का, ते बायकोलाही मी कधी नीट सांगितलेलं नाही. पन्नाशीतच नोकरी सोडली. आता ते लिहून टाकावं म्हणतो.

सत्तरीच्या दशकाची सुरुवात, दुष्काळाची वर्षं. मी नेवासे तालुक्यातल्या एका ठाण्यात नवा फौजदार होतो. सकाळी हजेरी, मग पाण्याच्या टँकरवरची भांडणं, दुपारी खडी फोडण्याच्या कामांवर फेरी, असा दिवस जायचा. एके दिवशी मुंबईहून जिल्ह्याला आणि जिल्ह्याहून आमच्याकडे असा फिरत फिरत एक जाड लिफाफा आला. आत अमेरिकेत नोकरी करणाऱ्या, आमच्याच हद्दीतल्या एका इंजिनियरचा तक्रारअर्ज होता.

त्या अर्जात 'क्रेडिट कार्ड' हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा वाचला. आता शहरात तो सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा मी आमच्या जमादारांना समजावून सांगितलं की एक प्लास्टिकची पट्टी असते, ती दुकानदाराला दाखवायची, कागदावर सही करायची आणि माल घेऊन जायचं. बिल मागाहून घरी येतं. जमादार वयाने मोठे, पंचवीस वर्षं खात्यात घालवलेले. ते म्हणाले, "म्हणजे उधारीच की, साहेब. फक्त दुकानदार हसून देतो."

इंजिनियरची तक्रार अशी होती की तो अमेरिकेत असताना त्याच्या नावाची बिलं औरंगाबादची येत होती. वेरूळ-अजिंठ्याला येणाऱ्या परदेशी लोकांसाठी तिथल्या दोन हॉटेलांत आणि दोन दुकानांत अशी कार्डं चालत. हॉटेलात मुक्काम, जेवण, एक हिमरू शाल, बायकांच्या मऊ वहाणा. बिलं ज्या जुन्या कार्डावर होती ते आपण हरवलंय हेच त्याच्या लक्षात नव्हतं. नवं आलं होतं, जुनं कुठेतरी खणात असेल असं तो समजत होता.

इथपर्यंत साधी चोरी होती. पण अर्जासोबत त्याने आईची पत्रं जोडली होती. आई आंधळी, गावात एकटी. पत्रं पोस्टमन लिहून द्यायचा. एका पत्रात होतं, 'तू आवसेला आलास, शाल आणलीस, लई ऊबदार हाय.' दुसऱ्यात, 'वहाना पायाला बसल्या.' मुलाने ही पत्रं वाचून म्हातारीला भ्रम झालाय असं समजून बाजूला ठेवली होती. बिलं आली तेव्हा त्याने तारखा ताडून पाहिल्या. प्रत्येक अमावास्येच्या दोन-तीन दिवस आधी औरंगाबादला खरेदी झालेली होती. अर्जाच्या शेवटी त्याने लिहिलं होतं, 'साहेब, मी इथे असताना माझ्या आईकडे कोण जातंय?'

मी पोस्टमनला गाठलं. तो म्हणाला, म्हातारी सांगते ते मी लिहितो, मुलगा मी पाहिला नाही, कुणीच पाहिला नाही. शाल मात्र खरी आहे.

कुणीच पाहिला नाही, याचं कारण पुढच्या अमावास्येला कळलं. जमादार आणि मी साध्या कपड्यांत म्हातारीच्या शेजारच्या रिकाम्या गोठ्यात जाऊन बसलो. गावातली सगळी हातीपायी धड माणसं खडीच्या कामावर गेलेली, गुरं छावणीत, आणि गुरांमागे कुत्रीही गेलेली. भर दिवसा गावात आवाज म्हणून नव्हता. मी पुष्कळ ओस जागा पाहिल्या आहेत. पण दारं उघडी, चुलीतली राख ताजी आणि माणूस एक नाही, अशी दुपार पुन्हा पाहिली नाही. जमादारांनी बिडी काढली आणि न पेटवताच परत ठेवली.

बाराच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी एक माणूस दिसला. त्या उन्हात त्याने काळा लोकरी कोट घातला होता, वरपर्यंत बटणं लावून. तो सरळ दारात आला, वहाणा काढल्या आणि म्हणाला, "आये, आलो गं."

"आलास व्हय रं. पानी पी आधी."

गोठ्याच्या कुडातून मला आतलं दिसत होतं. त्याने तिच्या पायांना तेल लावलं, नखं कापली, डोळ्यांत औषधाचे थेंब घातले. ती बोलत होती आणि तो ऐकत होता. मध्येच म्हातारी म्हणाली, "लिंबावरनं पडला हुतास तवा गुडगं फुटलं हुतं, ध्यानात हाय का?" तो म्हणाला, "हाय की." जमादार कानाशी येऊन म्हणाले, "साहेब, जाऊ द्या त्याला वेशीबाहेर. तिथं धरू."

मी ऐकलं नाही. मुद्देमालासह, जागेवर पकडायचं मला शिकवलं होतं. मी आत शिरलो आणि म्हातारीच्या समोर त्याचा हात धरला. तो पळाला नाही. तेलाची वाटी लवंडू नये म्हणून त्याने ती दुसऱ्या हाताने आधी बाजूला सरकवली. पंचनाम्यात कोटाच्या खिशातल्या वस्तू लिहिल्या: कार्ड एक, डोळ्यांच्या औषधाची बाटली एक, वाळलेल्या दर्भाची अंगठी एक. म्हातारीचा जबाब घेतला. तिने सांगितलं, "ह्यो माझा ल्योक हाय," आणि अंगठा उठवला.

ठाण्यात आणल्यावर पहिले दोन दिवस त्याने मला हैराण केलं. नाव विचारलं की इंजिनियरचं सांगे. वडिलांचं नाव, गोत्र, शाळेतले मास्तर, गुडघ्याची खूण, सगळं बरोबर. मुलाने अर्जात लिहिलं होतं त्यापेक्षा याला त्याचं बालपण जास्त माहीत होतं. मी त्याला मारलं नाही. मारायची हिंमत झाली नाही असं म्हणणं जास्त खरं. त्याच्या समोर बसलं की वाटे, अमेरिकेहून पत्र लिहिणाराच कुणी तोतया असावा. जमादार त्याला चहा देताना एकदा चुकून 'इंजिनियरसाहेब' म्हणाले आणि नंतर दिवसभर स्वतःवर चिडलेले होते.

तिसऱ्या दिवशी मी त्याला कोऱ्या कागदावर दहा सह्या करायला लावल्या. अक्षराचं वळण हुबेहूब होतं. पण बिलांवरही जे होतं तेच याही दहा सह्यांत होतं: नाव, मग वडिलांचं आद्याक्षर, मग आडनाव. मी कार्ड पालथं करून त्याच्यासमोर ठेवलं. मूळ सहीत वडिलांचं अक्षर नव्हतं. तिकडे गेल्यावर मुलाने ते गाळलं होतं.

त्याने कार्ड उचलून त्या सहीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "हे मला दिसत होतं, साहेब. पण बापाचं नाव गाळून सही कशी करायची? हात पुढं जाईना."

त्यानंतर त्याने काही लपवलं नाही. मुलाचं बालपण त्याने म्हातारीच्या तोंडूनच ऐकलं होतं. कार्डं चालणाऱ्या औरंगाबादच्या दोन हॉटेलांपैकी एकात तो पूर्वी हमाल होता; बिलं दुसऱ्या हॉटेलातली होती. परदेशी पाहुणे कार्ड कसं देतात ते त्याने तिथेच पाहिलं. नोकरी गेल्यावर प्रवरासंगमच्या घाटावर दहाव्याचं सामान मांडायचं काम करू लागला. त्याला स्वतःचं कुणी नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्या इंजिनियरच्या वडिलांचा दहावा तिथेच झाला. पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. ऊन चढलं. मुलाला परतीचं विमान गाठायचं होतं. वडीलधारे म्हणाले, म्हाताऱ्याचा जीव बायकोत अडकलाय, काहीतरी बोल. मुलगा बोलला, आईला अंतर देणार नाही. कावळा शिवला नाही. तिचे डोळे दाखवीन. नाही. शेवटी तो वैतागून ओरडला, "दर आवसेला येईन, आईजवळ बसेन." आणि कावळा खाली उतरला. कुणीतरी हसून म्हणालंही, "अमेरिकेतनं दर आवसेला? एसटीनं येतोस का?" सगळे हसले आणि आंघोळीला गेले.

दहाव्याला अंगावर असलेले कपडे घरी न्यायचे नाहीत असं कुणी वडीलधाऱ्याने सांगितलं, म्हणून जाताना मुलाने आपला कोट या माणसाला दिला. आतल्या खिशात कार्ड राहिलं होतं, आणि बोटातून काढून ठेवलेली दर्भाची अंगठी.

"कार्ड पहिल्यांदा वापरलं ते माझ्या चैनीला वापरलं, साहेब," तो म्हणाला. "गादीवर झोपायचं होतं एकदा. पण कोट घातला की तो शब्द कानात यायचा. वर्षभर वाट पाहिली, तो काही आला नाही. कावळा तर शिवून गेला होता. मग कुणीतरी पाळायला नको?"

मी त्याला म्हणालो की शब्द तू दिला नव्हतास. तो म्हणाला, "कोट माझ्या अंगावर होता."

त्याने एकच मागणं मागितलं. पुढच्या अमावास्येला बेड्या घालून का होईना, एकदा तिच्याकडे न्या. लांबच्या गावी चाललोय एवढं सांगून येतो. मी ते नामंजूर केलं. नियमात बसत नव्हतं. बसवता आलं असतं, हेही मला माहीत होतं.

पुढे खटल्यासाठी सह्या आणि कार्ड ओळखायला मुलाला बोलवावं लागलं. तो आला. मी आणि जमादार त्याला आईकडे घेऊन गेलो. त्याने हाक मारली. तिने त्याचा चेहरा चाचपला, खांदे चाचपले, हात हातात घेतले. मग सौम्यपणे म्हणाली, "बस, पाव्हना. पानी पी."

"आई, मी आहे," तो म्हणाला. ती मान हलवत राहिली. तो उठून बाहेर गेला आणि गाडीत जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी परत गेला.

मी मागे थांबलो. तिला विचारलं, "आजी, खरंच ओळखलं नाहीत?"

ती म्हणाली, "डोळं गेल्यात माझं, हात न्हाई गेलं. आज आला ह्यो माझा. त्यो दुसरा माझा न्हाई, ह्ये पयल्याच दिशी कळलं हुतं मला."

"मग जबाबात मुलगा कसं म्हणालात?"

"येतो त्याला ल्योक म्हनायचं न्हाई तर काय म्हनायचं, दादा?" मग तिने विचारलं, "आता म्होरल्या आवसेला कोन येनार?"

मी म्हणालो, "मी येईन. दर आवसेला येईन."

कुणी सांगितलं नव्हतं, कुणी अडवलं नव्हतं. जमादार माझ्याकडे बघत होते.

मी एकदा गेलो. तिने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "ह्यो हात नवा हाय." मला तिथे अर्धा तासही बसवलं नाही. पुढच्या अमावास्येला बंदोबस्त होता. त्याच्या पुढच्या वेळी रजा होती. नंतर कारण शोधावंही लागलं नाही. पोस्टमनने एकदा ठाण्यात येऊन सांगितलं की म्हातारी आवसेला सकाळपासून पाण्याचा तांब्या भरून दारात बसते. मी 'बरं' म्हणालो.

पुढच्या पावसाळ्याच्या आधी ती गेली. मुलाला येता आलं नाही. पोलीस पाटलांनी मला दहाव्याला बोलावलं, कारण शेवटी ती 'फौजदार येनार हाय' म्हणत होती. मी घाटावर गेलो. पाण्याची धार बारीक झाली होती. पिंड मांडला. बाभळीवर सात-आठ कावळे बसलेले होते. एकही हलत नव्हता, ओरडत नव्हता. सगळे आमच्याकडे तोंड करून बसले होते. तास गेला, दोन तास गेले. पाटील मला म्हणाले, "साहेब, तुमीच बोला कायतरी."

मी तोंड उघडलं आणि मला बोलायला काही सापडलं नाही. जे बोलायचं ते मी आधीच बोलून बसलो होतो. अखेर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही उठलो. चालू लागल्यावर मी एकदा मागे पाहिलं. पिंड तसाच होता आणि कावळेही तसेच होते.

आरोपीला तोतयेगिरी, फसवणूक आणि बनावट सहीबद्दल शिक्षा झाली होती. सुटल्यावर तो ठाण्यात आला. मला वाटलं, कोट मागायला आला असेल. कोट मुद्देमालाच्या खोलीत पडून होता, मुलाने नेला नव्हता. पण त्याने कोटाचं नावही काढलं नाही. म्हातारी गेल्याचं त्याला घाटावर कळलं होतं.

"शेवटपर्यंत तिच्याकडे कुणी जात होतं का, साहेब?" त्याने विचारलं.

मी म्हणालो, "मी जात होतो."

"दर आवसेला?"

"हो."

"आणि दहाव्याला कावळा शिवला?"

"शिवला."

त्याने वाकून माझ्या पायांना हात लावला. "उपकार झाले," म्हणाला, आणि रस्त्याला लागला. जमादार दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत ते मला 'साहेब' म्हणण्याआधी थोडे थांबत.

नोकरीत मी पुष्कळ खोट्या सह्या पकडल्या आणि ते काम मला चांगलं जमत होतं. या प्रकरणाने मला एवढंच शिकवलं की दुसऱ्याचं नाव घेऊन वावरणाऱ्यासाठी कलम आहे. स्वतःच्या नावाने शब्द देऊन न जाणाऱ्यासाठी नाही. त्याची नोंद कुठल्याच ठाण्यात होत नाही. त्या माणसाला मी पुन्हा शोधलं नाही. शोधलं असतं तर सापडला असता, घाट काही लांब नव्हता.

आता अमावास्येच्या दुपारी आमच्या कुंपणावर कावळा येऊन बसतो. कावळे रोजच येत असतील. मी त्या दिवशी बघतो एवढंच. बायको भाकरीचा तुकडा ठेवते. मी घरात असलो की तो तुकड्याला शिवत नाही. मी बाहेर पडतो, कोपऱ्यापर्यंत जातो आणि थांबतो. परत येतो तेव्हा तुकडा गेलेला असतो.