ही भिंत कोणी बांधली?

शुद्धीवर आल्यावर माणसं पाणी मागतात, बायकोला हाक मारतात, गेलाबाजार आपण कुठे आहोत एवढं तरी विचारतात. मिस्त्रींनी समोरच्या भिंतीकडे बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "ही भिंत कोणी बांधली?"

सिस्टर सलाईनची बाटली बदलत होती. तिला वाटलं, भूल अजून पुरती उतरलेली नाही. "काका, नाव सांगा बघू तुमचं," ती म्हणाली. मिस्त्रींनी नाव सांगितलं, साल सांगितलं, तिने दाखवलेली बोटं मोजली, सांगितल्याबरोबर दोन्ही पाय हलवून दाखवले आणि परत भिंतीवर आले. "डावीकडे कललीय. चांगलीच कललीय. दिवसाढवळ्या झोपा काढत बांधलीय कुणीतरी."

बाहेर बाकावर त्यांची बायको सकाळपासून बसून होती. डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या जरा वर, लिंबाएवढी गाठ. ती काढायला साडेसहा तास लागले. त्यात नातेवाइकांनी तिला आधीच नाही नाही ते सांगून ठेवलेलं. कुणाचा दीर ऑपरेशननंतर बोलायचाच विसरला, कुणाच्या मामांनी सख्ख्या बायकोला 'आपण कोण?' म्हणून विचारलं. त्यामुळे सिस्टर दारात येऊन "शुद्धीवर आलेत, बोलतायत" म्हणाली तेव्हा हिचा पहिला प्रश्न, "काय बोलले?"

"भिंत वाकडी आहे म्हणाले."

बाई जी हसायला लागली ती हसता हसता रडायलाच लागली. "मग आमचेच आहेत हो," ती म्हणाली. तिने लगेच लेकीला फोन लावला, नणंदेला लावला, धाकट्या बहिणीला लावला. ज्याला सांगावं तो पोट धरून हसत होता. शेवटी तिने बारक्याला सांगितलं. बारक्या म्हणजे मिस्त्रींचा तीस वर्षांचा जोडीदार. नाव बारक्या, वजन शंभराच्या घरात. तो हसला नाही. "वाकडी म्हणाला?" एवढंच विचारलं आणि फोन ठेवून दिला. तिला वाटलं, बिचाऱ्याला भरून आलं असेल.

आता हे सगळे हसत का होते, ते सांगायला हवं. भिंत उभी सरळ चालली आहे की नाही हे बघायला गवंडी ओळंबा लावतो. ओळंबा म्हणजे दुसरं काही नाही, दोऱ्याला बांधलेलं लोखंडी वजन. दोरा सरळ खाली लोंबतो, भिंत त्याच्याशी जुळली की झालं. लहान मुलालाही समजेल असं काम. पण आमच्या मिस्त्रींनी उभ्या जन्मात ओळंब्याला हात लावला नाही. दहा पावलं मागे जायचं, एक डोळा मिटायचा, आणि म्हणायचं, "वरून तिसरी वीट, दोरीभर बाहेर." मग कुणीतरी ओळंबा लावून बघायचं आणि तिसरी वीट खरोखर बाहेर असायची. सगळे त्यांना नजरमिस्त्री म्हणत. त्यांनाही ते आवडायचं. वरवर "काहीतरीच काय" म्हणायचे, पण कुणी नुसतं मिस्त्री म्हटलं तर तोंड उतरायचं.

चौथ्या दिवशी त्यांना मोठ्या वॉर्डात आणलं. मान लाकडासारखी ताठ, मागे टाक्यांची ओळ, उशी कुठेही ठेवली तरी टोचायची. कूस बदलली की पोटात ढवळायचं. पण ताप नव्हता, जेवण थोडंथोडं जात होतं, आणि खिडकीशेजारची खाट मिळाली म्हणून बायको खूश होती. मिस्त्री मात्र गप्प गप्प होते. कारण वॉर्डातलीही भिंत वाकडी होती. खिडकीची चौकट वाकडी होती. दार वाकडं, सलाईनचा खांब वाकडा, आणि एकदा तर त्यांना डॉक्टरीणबाईसुद्धा वाकड्या उभ्या दिसल्या.

एक भिंत वाकडी असू शकते. दोनही असतील. पण सगळं जग एकाच बाजूला कसं कलेल? हे काय आहे ते मिस्त्रींना कळत होतं, पण कळून घ्यायचं नव्हतं. डॉक्टरीणबाई सकाळी यायच्या. ठेंगण्याशा, बोलायला भारी फटकळ. स्वतःच्या नाकाला बोट लावा, आता माझ्या बोटाला लावा, परत नाकाला. मिस्त्रींचं बोट कधी नाकाला लागायचं, कधी गालाला. "आणि दिसायला कसं?" त्या विचारायच्या.

"एकदम झकास," मिस्त्री म्हणायचे.

त्या गेल्या की बायको विचारायची, "अहो, झकास तर मग चहा बशीबाहेर का ओतलात?" त्यावर मिस्त्री भिंतीकडे तोंड करून पडायचे. भीती वाटत होती त्यांना, दुसरं काही नाही. मेलो असतो तर एकदाच मेलो असतो, असं त्यांच्या मनात यायचं. आता जिवंत राहून करायचं काय? पन्नाशी उलटलेल्या माणसाने दुसरा कुठला धंदा शिकायचा? आणि शिकला तरी नजरमिस्त्री म्हणून कोण हाक मारणार? मग त्यांनी स्वतःची समजूत घातली की इमारतच बोगस आहे. पाया खचला असेल. सगळी इमारत कलली तर दारं-खिडक्या कलणारच की!

सहाव्या दिवशी त्यांनी बायकोला सांगितलं, "बारक्याला म्हणावं, येताना ओळंबा घेऊन ये."

बायको बघतच राहिली. "तुम्हाला? ओळंबा?"

"भिंतीला," मिस्त्री म्हणाले.

बारक्या आला. दवाखान्याच्या वासानेच त्याला घाम फुटायचा. सुई दिसली की हा माणूस दाराआड जायचा. तो खाटेपाशी घुटमळला, मिस्त्रींचं भादरलेलं डोकं बघून "झ्याक दिसतंय" म्हणाला आणि खिशातून ओळंबा काढला. मिस्त्रींनी खाटेची डोक्याकडची बाजू वर करून घेतली. बारक्या स्टुलावर चढला, स्टूल करकरलं, बाजूच्या खाटेवरचे रिटायर मास्तर वर्तमानपत्र खाली करून बघू लागले. बारक्याने खिडकीशेजारच्या कोपऱ्यात वरून दोरा सोडला. वजन थोडं झुललं आणि थांबलं. त्याने वर बघितलं, खाली बघितलं. मग मिस्त्रींकडे न बघता म्हणाला, "बरोबर आहे तुझं. वाकडी आहे. चांगली दोन बोटं गेलीय."

बायकोने हुश्श केलं. मास्तर म्हणाले, "तरी मी म्हणतच होतो, या इमारतीत काहीतरी गडबड आहे."

मिस्त्री दोऱ्याकडे बघत होते. दोरा आणि भिंत यांच्यात वर जेवढी फट होती, तेवढीच खाली होती. आणि दोरा भिंतीसारखाच कललेला होता. डावीकडे, तेवढाच. आता भिंत चुकेल, चौकट चुकेल, अख्खी इमारत चुकेल. पण वजन बांधून सोडलेला दोरा तिरका लोंबत नाही. जगात कुठेच नाही.

"बारक्या," ते हळूच म्हणाले, "दोरापण वाकडा आहे रे."

बारक्याने दोरा गुंडाळायला घेतला. दोऱ्याचा नुसता गुंता होत होता. "उद्या येतो," म्हणाला आणि ओळंबा तिथेच खिडकीत ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी "दिसायला कसं?" विचारलं तेव्हा मिस्त्रींनी सगळं सांगून टाकलं. त्या आधी भडकल्या. "सहा दिवस काय झकास झकास करताय? आम्हाला काय स्वप्न पडतं?" मग खाटेच्या कडेला बसल्या आणि नीट समजावलं. डोळे ठणठणीत आहेत. उभं काय आणि आडवं काय हे मेंदूच्या ज्या भागात ठरतं, त्याच्यावर गाठ बसली होती. आता तिथे सूज आहे. बहुतेकांचं काही आठवड्यांत पुष्कळसं सुधारतं. मात्र शंभर टक्के होईल असं लिहून देणार नाही. व्यायाम करायचा, चालायचं, खोटं बोलायचं नाही.

मिस्त्रींच्या जिवात जीव आला. तेवढ्यात त्या उठता उठता म्हणाल्या, "गाठ फार सावकाश वाढणारी होती. चार-पाच वर्षं तरी असणार. नजर आधीपासूनच थोडीथोडी हलली असेल. तुम्हाला कामात जाणवलं नाही कधी?"

झालं! जिवात आलेला जीव परत गेला.

कारण त्यांना आठवलं. गेली दोन वर्षं दुपारी डोकं असं काही ठणकायचं की डबा न उघडताच ते तासभर आडवे व्हायचे. उठून आले की सकाळी स्वतः लावलेली भिंत डोळ्याला खटकायची. ऊन फार आहे, डोकं दुखतंय, असं म्हणून सोडून द्यायचे. आणि त्या दोन वर्षांत काय काय बांधलं होतं! बालवाडीच्या अंगणाची भिंत, जिला पाठ टेकून पोरं डबा खातात. बेकरीवाल्याचा वरचा मजला. एका तरुण जोडप्याच्या घरातली जिन्याची भिंत. तिच्या पलीकडे दोन महिन्यांचं बाळ झोपतं. मिस्त्रींना दरदरून घाम सुटला. बायकोला वाटलं ताप आला, ती सिस्टरला हाक मारायला निघाली. "सिस्टर नको," ते म्हणाले, "बारक्याला बोलव. आत्ताच्या आत्ता."

बारक्या कामावरून तसाच आला, भुवयांवर सिमेंट घेऊन.

"गेल्या दोन वर्षांतल्या माझ्या भिंती वाकड्या आहेत," मिस्त्री म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "सगळ्यांना ओळंबा लाव. बालवाडीपासून सुरुवात कर. पोरांना तिथे बसू देऊ नका म्हणून आधी सांग."

"लावलाय," बारक्या म्हणाला.

"कधी?"

"तेव्हाच. तू दुपारी पडायचास ना, तेव्हा." तो स्वतःच्या चपलांकडे बघून बोलत होता. "माल ओला असायचा. थापीच्या मुठीने ठोकून सरळ करायचो. जास्तच गेलेली असली तर वरचे दोन-तीन थर उतरवून परत लावायचो. माणसांना दम भरला होता, मिस्त्रीच्या कानावर गेलं तर उद्यापासून यायचं नाही."

"किती दिवस चाललं हे?"

"दीड वर्ष. त्याच्या आधीच्या भिंती सरळच होत्या. मी सगळ्या बघून आलो, तुझं ऑपरेशन चालू होतं तेव्हा. इथे बसवत नव्हतं."

मिस्त्रींनी डोळे मिटले. म्हणजे पोरं सुखाने डबा खात होती. बाळ झोपत होतं. छातीवरचा दगड उतरला आणि त्याच्या पाठोपाठ लाज आली. दीड वर्ष ते लोकांकडून 'वा मिस्त्री, काय नजर!' ऐकत होते, मिशीतल्या मिशीत हसत होते, आणि मागे हा गडी घाम गाळत त्यांच्या विटा ठोकत होता. माणसं हसली असतील का? बहुतेक हसली नसतील. बारक्याने हसू दिलं नसेल.

"सांगायचं होतंस," ते म्हणाले.

"कसं सांगू? तुझी नजर गेली, हे मी तुला सांगू?" बारक्याचा आवाज चिरकला. एवढा मोठा देह, पण लहान पोरासारखा रडायला लागला. "आणि तुला सांगू का, तीच चूक झाली. ज्या दिवशी पहिली भिंत वाकडी निघाली त्याच दिवशी बोललो असतो तर तू डॉक्टरकडे गेला असतास. गाठ वाटाण्याएवढी असती. मी तुझा मान सांभाळत बसलो आणि ती आत वाढत बसली. हे माझ्यामुळे झालंय. मला झोप लागत नाही रे."

मिस्त्रींना राग आला. खरंच आला. खाटेचा दांडा त्यांनी एवढा घट्ट धरला की हाताची पट्टी ओढली गेली. मग म्हणाले, "तू सांगितलं असतंस तरी मी ऐकलं नसतं. शिव्या घातल्या असत्या तुला."

"घातल्या असत्यास. पण वहिनींनी फरपटत नेलं असतं."

"नेलंच असतं," खुर्चीतून बायको म्हणाली. ती कुणाचीच बाजू घेत नव्हती.

"चुकलास," मिस्त्री म्हणाले.

"हो."

"फार मोठी चूक केलीस."

"हो."

"आणि पोरांच्या अंगावर भिंत पडली असती ती पडू दिली नाहीस. तेही तूच केलंस." एवढं बोलून ते खाकरले. "आता रडणं बंद कर. मास्तर पेपर सोडून बघतायत. ऊठ, मला धर. दारापर्यंत चालायला सांगितलंय."

मास्तरांनी घाईघाईने पेपर वर केला. तो उलटा होता.

बारक्याने त्यांना बसतं केलं, पाय खाली सोडले, थोडा वेळ तसंच बसवलं. मग काखेत हात घालून उभं केलं. खाटांच्या दोन रांगांमधून दार वीसेक पावलांवर होतं. मिस्त्रींना सगळी वाट तिरकी दिसत होती. पाचव्या-सहाव्या पावलाला त्यांनी बारक्याचा हात झटकला. "सोड. नुसता बाजूने चाल." तो बाजूने चालू लागला. बायको खुर्चीतून अर्धी उठली होती.

"सरळ चालतोय का मी?" मिस्त्रींनी विचारलं.

बारक्याच्या तोंडात दीड वर्षांची सवय होती. शब्द जिभेवर आलाच होता. त्याने तो गिळला.

"नाही," तो म्हणाला. "डावीकडे चाललायस."

"किती?"

"खूप. मास्तरांच्या खाटेवर जाशील."

मिस्त्री थांबले. उजवा पाय उचलून त्यांनी बाजूला टाकला, त्यांच्या नजरेला तो साफ चुकीच्या जागी पडला. "आता?"

"अजून वाकडाच आहेस."

"बरं," मिस्त्री म्हणाले. "बोलत राहा."