दोन गाड्यांची एक गाडी

लग्न होऊन मी वर्ध्याला आले तेव्हा घरात सासूबाई नव्हत्या. त्या आधीच गेलेल्या. हे नागपूरला नोकरीला. तिथे चार मित्रांत मिळून खोली घेतलेली, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी घरी यायचे आणि सोमवारी पहाटेच्या आगगाडीने परत. म्हणजे आठवडाभर घरात मामंजी आणि मी. मामंजी डॉक्टर. दवाखान्यात रोग्यांशी बोलत तेवढंच त्यांचं बोलणं, घरात ताट वाढलं की "बस" आणि उठताना "झालं." मीही नवी. पहिले काही महिने आम्ही दोघं एकमेकांच्या वाटेतून बाजूला होत त्या घरात वावरलो.

आमचं बोलणं सुरू झालं ते गाडीमुळे.

लढाई संपल्यावर नागपूरचा एक गोरा अधिकारी विलायतेला परत जाताना सामान विकत होता, त्याच्याकडून मामंजींनी ती घेतली होती. काळी, चौकोनी, उंच पायरीची. दर बाजाराच्या दिवशी मामंजी तीतून देवळीला जात. तिथे एका ओसरीवर ते रोगी तपासायचे. गाडीचं स्टार्टर केव्हाच बिघडलं होतं, म्हणून पुढून हँडल मारावं लागे. हे काम शेजारचा एक मास्तर करायचा. त्याची बदली झाली त्या आठवड्यात मामंजी एकटेच गाडीपुढे वाकून उभे होते. साठी उलटलेली, दम लागलेला. मी पदर खोचला, खाली उतरले आणि म्हटलं, "मी मारू का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा," ते म्हणाले. "हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडतं."

लग्नानंतर ते माझ्याशी बोललेलं ते सगळ्यांत मोठं वाक्य. गाडी सुरू झाली. मग देवळीला पोचून परत येताना हँडल कोण मारणार, म्हणून मीही बसले. तेव्हापासून दर बाजाराला मी त्यांच्याबरोबर जायला लागले. देवळीच्या बाजारात डॉक्टरांची सून हँडल मारते हे बघायला आधी गर्दी व्हायची. पुढे लोकांना त्याची सवय झाली.

तशी गाडी किती बिघडायची, तर घरात एखादं आजारी माणूस असावं तशी तिची आम्ही चौकशी करायचो. तिचा कारखाना विलायतेत, आणि तिथे ते मॉडेल बंद झालेलं. सुटा भाग मिळणं म्हणजे नशीबच. सगळी भिस्त आमच्या मिस्त्रीवर. कापसाच्या बाजाराजवळ, नागपूर रस्त्याला, टिनाच्या छपराखाली त्याचं गॅरेज होतं. धिप्पाड, तोंडात सदा पान, आणि बोलणं असं की गाडी त्यानेच जन्माला घातली आहे. "डॉक्टरसायेब, मी हावो तवर या गाडीले मरू नाई देत," हे त्याचं ठरलेलं. पंख्याचा पट्टा तुटला तर कापसाच्या जिनिंग कारखान्यातला जुना कातडी पट्टा कापून, शिवून त्याने तो बसवला. सायलेन्सरला भोक पडलं तर तुपाच्या डब्याचा पत्रा गुंडाळून तारेने आवळला. तो पत्रा तापला की गाडीत खरपूस वास यायचा, आणि मामंजी गंभीरपणे म्हणायचे, "स्वयंपाक झाला."

मी गॅरेजमध्ये मोडक्या सीटवर बसून असायची. सुरुवातीला कंटाळून, नंतर आवडीने. जाड कागदावर तेलाचा हात लावून इंजिनच्या सांध्यात बसणाऱ्या गॅस्केटचा आकार उमटवायचा आणि कात्रीने कापायचा, हे मी तिथेच शिकले, आणि टॅपेट ढिलं झालं की इंजिन टकटक वाजतं हेही. मामंजी शेजारी पाना धरून उभे असत आणि दवाखान्यातल्या गोष्टी सांगत, आपल्या तरुणपणातल्या, कधी सासूबाईंच्याही. घरी त्यांनी सासूबाईंचं नाव काढलेलं मी ऐकलं नव्हतं.

असं चाललं होतं, आणि एका हिवाळ्यात देवळीहून परत येताना गाडी रस्त्यात थांबली. इंजिन सुरू, गिअर पडतोय, पण चाक हलत नाही. मागचं चाक फिरवणारा लोखंडी दांडा, एक्सल, तुटला होता. कापसाच्या बैलबंड्या जात होत्या; एका शेतकऱ्याने आपली बैलजोडी सोडून गाडीला जुंपली आणि आम्ही बैलांनी ओढलेल्या मोटारीतून वर्ध्यात शिरलो. मामंजी स्टिअरिंग धरून ताठ बसले होते. रस्त्यावरच्या लोकांनी नमस्कार केला की एक हात सोडून नमस्कार करत होते.

एक्सल नागपुरात नव्हता. मुंबईहूनही नाही म्हणून कळलं. मग मिस्त्री म्हणाला, मीच बनवतो. ट्रकचा जुना एक्सल आणून त्याने जिनिंगच्या लेथवर तासून घेतला. बसवताना छाती काढून म्हणाला, "ट्रकचं लोखंड हाये. तुमच्या नातवाच्या लग्नाले पुरते."

तो वर्ध्याला लागून असलेल्या सावंगीच्या पुढेही पुरला नाही. निरोप गेल्यावर मिस्त्री सायकलवर आला, चाक काढलं, तुटलेला तुकडा हातात घेऊन रस्त्याच्या कडेला बसला.

"माह्या हातचं काम असं नाई तुटत," तो म्हणाला.

"तुटलं," मामंजी म्हणाले. रागाने नाही. तपासून निदान सांगावं तसं.

मिस्त्रीने ते मनाला लावून घेतलं. बरेच दिवस तो आमच्या घरावरून गेला तरी वर बघेना. गाडी त्याच्या गॅरेजमागे बोरीच्या झाडाखाली पडून राहिली. मामंजी देवळीला एसटीने जाऊ लागले. गर्दीत मला नेणं त्यांना बरं वाटेना, म्हणून मी घरी. संध्याकाळी ते थकून येत, जेवत आणि "झालं" म्हणून उठत. घर पुन्हा पहिल्यासारखं झालं. मला त्या गाडीची इतकी आठवण येईल असं वाटलं नव्हतं.

मग एका दुपारी मिस्त्री दारात उभा. "डॉक्टरसायेब, तुमच्या गाडीची बहीण सापडली."

आर्वीकडच्या एका खेड्यात, मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, गोठ्यात तशीच गाडी होती. मालगुजार वारले होते, मालगुजारीही गेली होती, आणि गाडी विटांवर उभी होती. मिस्त्रीला हे त्या गावच्या एका ट्रकवाल्याकडून कळलं होतं. "मी एकटा गेलतो," तो म्हणाला. "मालगुजाराच्या बाईनं उभं नाई केलं. तुमी चला."

आम्ही तिघं निघालो. पुलगावपर्यंत मोठ्या आगगाडीने, तिथून आर्वीच्या छोट्या गाडीने, पुढे बंडीने. छोटी गाडी इतकी हळू की मिस्त्री मध्येच उतरून पळसाची पानं तोडून परत चढला. त्यांत त्याने आपले विडे बांधून घेतले.

मालगुजाराच्या विधवा पन्नाशीच्या पुढच्या होत्या. उंच, काटक, पांढरं नऊवारी लुगडं. गोठ्यात खरंच आमचीच गाडी उभी होती, फक्त टपावर कडब्याच्या पेंढ्या आणि मागच्या सीटवर कोंबड्या. मिस्त्री खाली वाकून मागचं चाक बघू लागला तसा त्याचा चेहरा उजळला.

"गाडी इकाची नाई," बाई ओसरीवरूनच म्हणाल्या. "मालकाची हाये. हाये तशी राह्यन."

मामंजींना गळ घालणं जमत नसे. ते "बरं" म्हणून उठलेच. पण इतक्या लांबून आलेल्यांना चहाशिवाय जाऊ देणं त्या बाईंच्याही रीतीत नव्हतं. मी चहाचे कप आणायला आत गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "तू काऊन आली यांच्यासंगं?"

"गाडीचं हँडल मी मारते," मी म्हटलं.

त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि माझ्या हातांकडे पाहिलं. "बसते बी का तिच्यात?"

"हो. पुढे, मामंजींच्या शेजारी."

त्यांनी कप पुढे ओढले. मग म्हणाल्या, "मी नाई बसली कधी. सायेबलोक आले का मालक त्याईले घेऊन जाये. मले बंडी होती." कपात चहा ओतून झाल्यावर पुन्हा, "थो लोखंडाचा दांडा लावला का तुमची गाडी चालते?"

"मिस्त्री म्हणतात, चालेल."

"देवळीच्या पुढं जाते? तिकडं माहं माहेर हाये. भावाच्या लग्नाले गेलती, मंग जाणंच नाई झालं."

चहा घेऊन त्या स्वतः बाहेर आल्या. मामंजींसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "डॉक्टरसायेब, काय पाह्यजे ते काढून न्या. पैसे नका काढू. मले एकडाव माहेरी नेऊन सोडजा."

"नेईन," मामंजी म्हणाले.

एक्सल बसला. घरचाच असल्यासारखा. गाडी पहिल्यांदा गॅरेजबाहेर निघाली तेव्हा मिस्त्री मागच्या चाकाबरोबर थोडं अंतर पळत गेला, कान लावून.

शब्दाप्रमाणे आम्ही बाईंना आणायला गेलो. त्या गाठोडं घेऊन तयारच होत्या. मी मागे बसले आणि त्यांना पुढे बसवलं. गावातून निघताना पारावर माणसं बसलेली. बाईंनी पदर नीट केला आणि समोर बघत म्हणाल्या, "जरा हळू चालवा." मामंजींनी गाडी अगदी पावलांच्या चालीवर आणली. पार मागे पडला, शेवटचं घर मागे पडलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "आता चालवा."

वर्धा येऊन गेलं तरी त्या दोन्ही हातांनी दार घट्ट धरून बसल्या होत्या. देवळीच्या पुढे ओळखीची शिवारं लागली तसा एक हात सुटला. मग दुसरा. कुठल्या विहिरीवर त्या पोहायला शिकल्या, कुठल्या आंब्याखाली नागीण निघाली होती, सगळं सांगू लागल्या.

मोटार दारात थांबली तसे त्यांचे भाऊ लगबगीने बाहेर आले. कोणी अधिकारी आला असं वाटून हात जोडून उभे राहिले. पिकलेल्या मिश्या, वाकलेली पाठ. बाई पायरीवरून उतरल्या. भावाने त्यांनाही हात जोडले.

"दादा," बाई म्हणाल्या, "मी हावो."

भाऊ तसेच उभे. जोडलेले हात खाली घ्यायचं त्यांना सुचेना. मामंजी त्यांच्याकडे पाठ करून गाडीचं बॉनेट उघडून बसले. आत काही बिघडलं नव्हतं.

त्यानंतर ती दोन घरं जोडली गेली. रेडिएटर गळायला लागला, आम्ही तिकडे गेलो. पुढचा दिवा फुटला, पुन्हा गेलो. बाई भाग द्यायच्या आणि माहेरची एक फेरी मागायच्या. कधीकधी भाग नको असतानाही मामंजी म्हणायचे, "सूनबाई, स्प्रिंगच्या पाट्यांचा आवाज येतोय. एकदा जाऊन यायला पाहिजे." मला काही आवाज ऐकू यायचा नाही. मी डबा भरायची. हळूहळू त्यांची गाडी आमच्या गाडीत आली. शेवटी गोठ्यात नुसता सांगाडा उरला आणि तो पुरता कोंबड्यांचा झाला. बाईंना त्याचं वाईट वाटत नव्हतं. "उभी होती तवा मालकाची होती," त्या एकदा मला म्हणाल्या. "चालते तवा माही वाटते."

पुढे मामंजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. त्यांनी गाडी चालवणं स्वतःहून सोडलं, कोणाला सांगावं लागलं नाही. मिस्त्रीने विचारलं, आता हिचं काय करायचं. मामंजी म्हणाले, बाईंना विचारा. बाईंनी नवी संत्र्याची बाग लावली होती आणि विहिरीवर मोट पुरत नव्हती. मिस्त्रीने इंजिन बाहेर काढलं, बंडीत घालून तिकडे नेलं आणि विहिरीच्या काठावर पाण्याच्या पंपाला जोडून दिलं.

त्या उन्हाळ्यात आम्ही सगळे बघायला गेलो. हेही आले होते. बाईंच्या सांगण्यावरून हँडल मीच मारलं. पाणी धो धो पाटात पडलं आणि झाडांच्या आळ्यांकडे पळालं. मामंजींना नीट दिसत नव्हतं. ते काठी टेकून इंजिनजवळ गेले, मान तिरकी करून बराच वेळ ऐकत राहिले, आणि मिस्त्रीकडे हात पुढे करून म्हणाले, "टॅपेट वाजतंय. पाना दे."