पाटीवरचं हसू

सलूनवाल्या दादांचा धाकटा भाऊ चाळिशीला आला, तरी गल्लीला तो हसऱ्याच. समज लहान पोराएवढी, पण कामाला वाघ. खाली पडलेले केस झाडायचे, टॉवेल वाळत घालायचे आणि आलेल्या गिऱ्हाइकाकडे बघून तोंडभर हसायचं. "याला ना चिंता ना काळजी. सुखी जीव बघा!" असं गिऱ्हाइकं म्हणायची आणि दादाही मान डोलवायचे. कात्री चालवता चालवता आरशात बघावं, तर मागे हा उभा, हसतोय! आई गेल्यापासून दादा त्या हसण्यावरच दिवस ढकलत होते.

दुकानाची नवी पाटी करायची ठरली, तेव्हा ते पेंटरला म्हणाले, "पाटीवर याचंच तोंड काढा. चांगलं हसतं."

पेंटर म्हणजे तिरसट गडी. हसऱ्याला खुर्चीत बसवून त्याने अख्खी दुपार घालवली, पण चित्र काही जमेना.

"दादा, याचे डोळे नाही हो हसत."

"अहो, डोळ्यांचं कोण बघतंय? तोंड हसरं काढा, झालं!"

पैसे देणारा म्हणेल ती पूर्व दिशा. पेंटरने बत्तीशी दाखवणारं तोंड काढलं, पाटी भिंतीला टेकवली आणि तो ब्रश धुवायला मोरीकडे गेला. तेवढ्यात हसऱ्या उठला, पाटीसमोर उकिडवा बसला आणि ओल्या रंगात अंगठा घालून त्याने ओठांची दोन्ही टोकं खाली ओढली.

दादांचा पाराच चढला. "अरे गाढवा! सगळ्यावर पाणी फिरवलंस की! काय केलंस हे?"

एरवी दादा ओरडले की तो आधी हसायचा. आज हसला नाही. रंगलेला अंगठा पाटीकडे करून म्हणाला, "हा मी आहे. आई नाही ना आता."

"मग रोज हसतोस ते रे?"

"तूच सांगितलंस. आई गेली तेव्हा. तू हस, म्हणजे मला धीर येतो."

आईला पोहोचवून आल्यावर, याच खुर्चीत डोकं धरून, दादा असं बोलले होते खरे. बोलले आणि विसरले. या भाबड्याने मात्र ते काम म्हणून अंगावर घेतलं होतं, झाडलोटीसारखंच, आणि एक दिवस चुकवलं नव्हतं. दादांचे डोळे भरून आले.

ते बघताच हसऱ्याने घाईघाईने ओठ फाकवले आणि तो हसायला लागला.

दादांनी त्याच्या गालावर हात ठेवला. "नको रे राजा. दुकान बंद झालं आता."

"बंद?" बाहेर लख्ख ऊन होतं. त्याने दाराकडे बघितलं, मग दादांकडे. "मग हसायचं नाही?"

"नाही. आज धीर मी देतो."

तेव्हा कुठे हसऱ्याने दादांच्या पोटात तोंड खुपसलं आणि "आई गं!" म्हणून हंबरडा फोडला. पेंटर मोरीकडून आला, काही न विचारता दाराशी गेला आणि त्याने शटर खाली ओढलं.